ब्लँकमध्ये पीक आला, तो आला कुठून? एलसी-एमएसच्या बॅकग्राउंडवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एलसी-एमएसच्या (द्रवातले घटक कॉलममध्ये वेगळे करून त्यांचा मास मोजणाऱ्या मशीनच्या) बॅकग्राउंडबद्दल, म्हणजे ब्लँकमध्ये, सॅम्पल न घालताही, दिसणाऱ्या सिग्नलबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं म्हटलं होतं, तर ढीगच आलाय. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून निवडून घेतलेत. नावं आणि कंपन्या गाळल्यात, बहुतेकांनी तसं सांगितलंच होतं आणि मलाही कुणाच्या ऑडिटमध्ये पडायचं नाहीये.

प्रश्न (नाशिक): सर, आमची द्राक्षातल्या कीटकनाशकाच्या रेसिड्यूची (उरलेल्या अंशाची) लॅब आहे. ऐन सीझनमध्ये सॅम्पलची रांग लागलीय आणि बेसलाइन वर गेलीय. पॉझिटिव्ह मोडला फुल स्कॅन घेतला तर ३९१, ४१३, २७९ आणि १४९ भरपूर दिसतात. सोर्स साफ केला, नवीन कॉलम लावला, सर्व्हिस इंजिनिअर येऊन मशीन ओके म्हणून सही घेऊन गेले. आता काय करू?

उत्तर: इंजिनिअर खरंच बोलले. मशीन ओकेच आहे, त्याला जे मिळतंय ते ते दाखवतंय. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे तुमच्या सोर्समध्ये, सुईला काही हजार व्होल्ट लावून द्रव फवारला की त्यात जे जे भार पकडू शकतं ते सगळं आत जातं, मग ते कीटकनाशक असो नाहीतर प्लास्टिकच्या नळीतून सुटलेलं काहीतरी असो. म्हणून आधी नंबर (आयनाचा मास भागिले भार) वाचायचे आणि मग पाना हातात घ्यायचा, आपल्याकडे बरोब्बर उलटं होतं, बेसलाइन वर गेली की पहिला बळी कॉलमचा.

तुमचे चारही नंबर एकाच कुटुंबातले आहेत. ३९१.२८ म्हणजे डीईएचपी, पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घालतात ते थॅलेट. ४१३.२७ म्हणजे तेच, फक्त प्रोटॉनच्या जागी सोडियम चिकटलेलं. २७९.१६ हे एकतर डायब्युटाइल थॅलेट असेल किंवा ३९१ मधून ११२ तुटून उरलेला तुकडा असेल, दोन्हीचं सूत्र एकच येतं त्यामुळे नुसत्या मासवरून कळणार नाही, रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर पडायची वेळ) बघावा लागेल. आणि १४९.०२ हा बहुतेक थॅलेटांचा सामायिक तुकडा. म्हणजे काय आहे हा प्रश्न सुटला, आता कुठून येतंय एवढंच राहिलं.

त्याला एकच रस्ता आहे, मागून पुढे एकेक भाग जोडत जायचं आणि नंबर कधी उगवतो ते बघायचं. आधी एलसीची लाइन सोर्सपासून काढा आणि नव्या उघडलेल्या बाटलीतलं एलसी-एमएस ग्रेडचं मेथेनॉल सिरिंज पंपाने सोडा. सिरिंज काचेचीच घ्या हं, प्लास्टिकची डिस्पोजेबल घेतलीत तर तिच्या दट्ट्याला लावलेलं सिलिकॉन आणि इतर भानगडी त्यात उतरतील आणि तपास तिथेच भरकटेल. इथेच ३९१ जोरात दिसला तर दोष एलसीचा नाही, सोर्स किंवा नायट्रोजनची लाइन बघा, गॅसच्या लाइनमध्ये कुणीतरी मध्येच मऊ पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडलेली असते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. इथे नाही दिसला तर एलसी जोडा पण कॉलम काढून त्या जागी युनियन (नुसता नळीचा जोड) लावा, मग कॉलम लावून इंजेक्शन न मारता नुसता ग्रेडियंट (पाणी कमी करत ऑरगॅनिक सॉल्व्हंट वाढवत नेणं) चालवा, मग रिकाम्या सॉल्व्हंटचं इंजेक्शन, आणि शेवटी द्राक्ष न घालता बाकी सगळं एक्स्ट्रॅक्शन करून आलेला ब्लँक. एका वेळी एकच बदल, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही.

यात एक टेस्ट माझी सगळ्यात आवडती आहे, कारण तिला खर्च शून्य. इंजेक्शन न मारता ग्रेडियंट दोनदा चालवा. पहिल्यांदा सुरुवातीच्या पाण्याच्या कंडिशनला ५ मिनिटं थांबा, दुसऱ्यांदा ३० मिनिटं, बाकी सगळं तेच. पीक साधारण त्याच पटीत वाढला तर घाण ए बाटलीतल्या पाण्यातून येतेय. कारण असं की मिनिटाला ०.३ मिली फ्लोला ३० मिनिटांत ९ मिली पाणी कॉलमवरून जातं आणि त्यातलं तेलकट असेल ते सगळं सी-१८ च्या, म्हणजे कॉलममधल्या तेलकट धरून ठेवणाऱ्या भरण्याच्या, तोंडाशी साठत राहतं, मग अॅसिटोनायट्राइल वाढलं की एकदम सुटतं आणि छान टोकदार पीक बनून येतं. हिशोब करून बघा, पाण्यात एका मिलीला फक्त १ नॅनोग्रॅम घाण असली तरी ९ नॅनोग्रॅम कॉलमवर जमली, आणि तुम्ही १० पीपीबीच्या वायलमधून ५ मायक्रोलिटर मारता तेव्हा तुमचं कीटकनाशक जातं ०.०५ नॅनोग्रॅम. म्हणजे १८० पट. पीक वाढला नाही, तसाच राहिला, तर ए बाटली सुटली. आणि पीक न येता बेसलाइनच ऑरगॅनिकच्या टक्क्याबरोबर हळूहळू चढत जात असेल तर बी, म्हणजे ऑरगॅनिकच्या, बाटलीवर संशय घ्या.

पाण्यावरून आठवलं. "सर, आमच्या युनिटला १८.२ मेगाओम दाखवतं" हे वाक्य मला दर पत्रात येतं. तो आकडा फक्त आयनांबद्दल सांगतो. थॅलेट, पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) हे वीज वाहत नाहीत, ते कितीही असले तरी १८.२ च दिसेल. टीओसीचा (एकूण सेंद्रिय कार्बनचा) आकडा बघा, तो ५ पीपीबीच्या आत हवा, आणि पाणी लागेल तेव्हाच काढा, सकाळी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून दिवसभर वापरायचं असेल तर ते महागडं युनिट घेतलंच कशाला.

आता खरं सांगू का, तुमच्या कामासाठी हे सगळं लगेच करायची गरज आहे का तेही बघा. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात ज्या क्लोरमेक्वाट क्लोराइडवरून अडकली, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, ते सी-१८ वर थांबतच नाही, अगदी सुरुवातीला निघून जातं. डीईएचपी निघतं पार शेवटी. दोघांची गाठ पडत नाही. आणि तुम्ही बघता १२२ वरून ५८, म्हणजे १२२ चा आयन तुटून होणारा ५८ चा तुकडा, तिथे ३९१ चा काही संबंध नाही. क्लोरमेक्वाटचा त्रास वेगळा आहे, त्याच्याबरोबर सुरुवातीला द्राक्षातली साखर आणि क्षार पण बाहेर पडतात आणि सिग्नल दाबतात, त्याला हिलिक कॉलम (पाण्यात सहज विरघळणारे रेणू धरून ठेवणारा) किंवा आयसोटोप लावलेलं इंटर्नल स्टँडर्ड हा उपाय, बाटल्या बदलून काही होणार नाही. ३९१ थोडा प्रत्येक लॅबमध्ये असतो. तो तुमच्या एखाद्या उशिरा निघणाऱ्या कीटकनाशकाच्या खाली येत असेल तर मागे लागा, नाहीतर सीझन संपू दे मग बघा.

प्रश्न (पुणे): मी पीएचडी करते, प्रोटीओमिक्स (प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, मोजून अभ्यास). सगळ्या रनमध्ये पेप्टाइडऐवजी ४५९.२८, ५०३.३१, ५४७.३३ अशी रांगच्या रांग येते. गाइड म्हणतात सॅम्पल घाण आहे, लॅबमधले सीनियर म्हणतात कॉलम घाण आहे. कोणाचं खरं?

उत्तर: दोघांचंही असू शकतं, पण आधी फरक मोजा. ४४.०३ चा फरक म्हणजे पीईजी, पॉलिइथिलीन ग्लायकॉल. फरक ५८.०४ असता तर पॉलिप्रोपिलीन ग्लायकॉल. कधीकधी रांगेत २२.०१ चा फरक दिसतो आणि पोरं नवीन काहीतरी सापडलं म्हणून खूश होतात, ते पण पीईजीच असतं, फक्त दोन भार घेतलेलं.

सॅम्पल की कॉलम हे ठरवायला लागोपाठ तीन-चार ब्लँक मारा. प्रत्येक ब्लँकला रांग निम्मी निम्मी होत गेली तर ती सॅम्पलमधून आलेली आणि कॉलमवर रेंगाळलेली, दरवेळी तेवढीच राहिली तर कुठूनतरी सतत येतेय, म्हणजे मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं सॉल्व्हंट). फॉर्मिक अॅसिड कुठल्या बाटलीत येतं ते बघ, प्लास्टिकच्या बाटलीतल्या अॅसिडवर माझा विश्वास नाही, काचेतलं किंवा छोट्या अँप्यूलमधलं घे.

पण तू प्रोटीओमिक्स करतेस म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न, पेशी फोडायला काय वापरलं? ट्रायटॉन एक्स-१००, ट्वीन-२०, एनपी-४० यातलं काही असेल तर शोध संपला, या सगळ्यांच्या शेपटीत पीईजीच आहे. आणि नेहमीच्या सी-१८ टिपमधून साफ केलं म्हणशील तर तिथेच घोळ आहे, पीईजी पण सी-१८ ला धरून बसतं आणि पेप्टाइडबरोबरच सुटतं, म्हणजे साफ करायच्या नावाखाली तू ते गोळा केलंस. आत्ताचं सॅम्पल वाचवायचं असेल तर स्ट्राँग कॅटायन एक्स्चेंज कर, अॅसिडिक पीएचला पेप्टाइडवर भार असतो म्हणून ते धरले जातात आणि पीईजीवर भार नाही म्हणून ते निथळून जातं. पुढच्या वेळी सोडियम डिऑक्सिकोलेट वापर, पचन झाल्यावर अॅसिड टाकलं की ते खाली बसतं, सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्यायचं, झालं. कॉलम आयसोप्रोपॅनॉलने धू पण फ्लो कमी ठेव, ते जाडसर असतं आणि प्रेशर भसकन वर जातं. तरी नाहीच गेलं तर मात्र कॉलम बदलावाच लागतो, तिथे सीनियर बरोबर.

आणि हो, हातमोजे घातले म्हणजे सुटलो असं नाही. हँडक्रीम लावलेल्या हाताने मोजे चढवले की ते मोज्याच्या बाहेरच्या बाजूलाही लागतं, आणि बऱ्याच क्रीममध्ये पीईजी असतंच.

प्रश्न (बेंगळुरू): आमच्या लॅबमध्ये नॅनो-एलसी (अगदी कमी फ्लोवर चालणारं एलसी) बसवलं तेव्हापासून मॅडमनी डिओ मारून यायला बंदी घातलीय. उन्हाळ्यात फार अवघड झालंय 😅 खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर: पडतो, मॅडम बरोबर आहेत. डिओ, केसांचं सीरम, काही क्रीम यात सायक्लोसिलोक्सेन (सिलिकॉनचे छोटे रेणू) असतात, ते हवेत उडतात आणि नॅनोस्प्रेचा सोर्स बहुतेक वेळा खोलीच्या हवेला उघडाच असतो. मग ३७१.१०, ४४५.१२, ५१९.१४ असे ७४.०२ च्या फरकाने पीक दिसतात, सोबत मिथेन निघून गेलेले ३५५.०७ आणि ४२९.०९ पण येतात. ओळखायची खूण ही की रनमध्ये कुठेही बघा, सुरुवात असो शेवट असो, ते एका पातळीवर असतात, ग्रेडियंटचा त्यांच्यावर विशेष परिणाम नाही, कारण ते पंपातून येतच नाहीयेत. हेपा फिल्टर लावून उपयोग नाही, तो धूळ अडवतो, वाफ नाही. अॅक्टिव्हेटेड चारकोलमधून गाळलेली हवा किंवा नायट्रोजन सोर्सपाशी सोडला तर फरक दिसतो.

पण मॅडमना एवढं सांगा की सिलिकॉनचे सेप्टा आणि कुठेतरी लावलेलं सिलिकॉन ग्रीस पण तपासा, सगळं खापर तुमच्या काखेवर नको. आणि पूर्ण साफही करू नका. ४४५.१२०० हा इतका भरवशाचा पीक आहे की २००५ साली ऑर्बिट्रॅपवर त्यालाच लॉक मास म्हणून वापरायची पद्धत निघाली, म्हणजे प्रत्येक स्कॅनमध्ये हा नंबर कुठे दिसतो ते बघून मशीन स्वतःचं कॅलिब्रेशन सुधारतं. तुमच्या मेथडमध्ये तो टिक केलेला असेल तर बघा एकदा, म्हणजे एकीकडे बंदी आणि दुसरीकडे त्याच्याच जिवावर मास अॅक्युरसी.

प्रश्न (नागपूर): आमच्याकडे निगेटिव्ह मोडला २९७, ३११, ३२५, ३३९ हे पीक आहेत, शिवाय २५५ आणि २८३. अन्न तपासणीची लॅब आहे. बाटल्या तर आम्ही रोज स्वच्छ घासून वापरतो.

उत्तर: तेच कारण आहे. बाटल्या घासू नका.

२९७.१५, ३११.१७, ३२५.१८, ३३९.२०, प्रत्येकात १४.०२ चा फरक, म्हणजे एकेक सीएच-टू वाढत गेलेला. हे लिनिअर अल्काइलबेंझिन सल्फोनेट, भांडी घासायच्या पावडरीतलं आणि लिक्विडमधलं मुख्य द्रव्य. निगेटिव्ह मोडला हे इतकं जोरात दिसतं की काचेला चिकटून राहिलेला डोळ्याला न दिसणारा थर पुरेसा होतो. लॅबमधल्या मावशी किंवा दादा मन लावून घासतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, त्यात त्यांचा दोष नाही. मोबाइल फेजच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, त्यावर ए आणि बी असं कोरून किंवा पक्क्या मार्करने लिहा, आणि त्या सिंकपाशी जाताच कामा नयेत. संपल्या की त्याच सॉल्व्हंटने दोन-तीनदा खळखळून घ्यायच्या, आयसोप्रोपॅनॉल, मग एलसी-एमएसचं पाणी, बास. आधीच साबण लागलेल्या बाटल्या वाचवायच्या फंदात पडू नका, त्या दुसऱ्या कुठल्यातरी कामाला टाका आणि नव्या घ्या, एका बाटलीची किंमत एका वाया गेलेल्या सिक्वेन्सपेक्षा कमीच असते.

२५५.२३ आणि २८३.२६ म्हणजे पामिटिक आणि स्टिअरिक अॅसिड. बोटांचा तेलकटपणा, साबण, सगळीकडून येतात. तुम्ही तेला-तुपाची तपासणी करत असाल तर सॅम्पलमधून पण येतील. थोडे राहणारच.

अजून दोन सवयी, ज्या जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये बघतो. एक, बाटलीत थोडं उरलंय म्हणून वरून ओतत राहणं. नुसत्या पाण्याची बाटली चार दिवस उन्हाजवळ राहिली की त्यात जीव धरतो, मग त्याच्यावर तुम्ही ताजं ओतता. जुनं टाकून द्या, पाण्यात ५ टक्के मेथेनॉल टाकायला मेथडची परवानगी असेल तर टाका. दुसरी सवय म्हणजे एलसी-एमएस ग्रेडचं सॉल्व्हंट परत फिल्टर करणं. ते कारखान्यातून ०.२ मायक्रॉनमधून गाळूनच येतं, तुम्ही नायलॉनच्या फिल्टरमधून परत गाळता आणि त्यातला प्लॅस्टिसायझर २१४.०९ ला पॉझिटिव्हमध्ये उगवतो, ते एन-ब्युटाइलबेंझिनसल्फोनामाइड. बफरचे क्षार घातले असतील तर गाळणं समजू शकतो, साधं अॅसिडचं पाणी कशाला गाळायचं?

प्रश्न (वेर्णा, गोवा): मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या औषधात एनडीएमए (नायट्रोसामाइन प्रकारची घातक अशुद्धी) बघतो, हाय रिझोल्यूशन मशीन आहे. ७५.०५ ला कधी जास्त येतं कधी कमी, बॅच तीच. बॅकग्राउंड म्हणायचं का हे?

उत्तर: हा प्रश्न आवडला, कारण इथे घाण नाहीये, इथे शेजारी आहे. एनडीएमएचा प्रोटॉन लागलेला मास ७५.०५५३. डीएमएफ या सॉल्व्हंटचा ७४.०६००, म्हणजे तो एक नंबर खाली, पण निसर्गात नायट्रोजनचा ०.३७ टक्के भाग नायट्रोजन-१५ असतो, त्यामुळे डीएमएफची एक बारीक सावली ७५.०५७१ ला पडते. फरक ०.००१८. पीपीएममध्ये २४. मास विंडो तुम्ही सवयीने मोठी ठेवली असेल किंवा रिझोल्यूशन त्या मासला ४०-४५ हजाराच्या खाली असेल तर दोन्ही पीक एकत्र मोजले जातात आणि तुम्हाला एनडीएमए जास्त दिसतं. हे कागदावरचं नाही, २०२० मध्ये अमेरिकेत मेटफॉर्मिनच्या बाबतीत एका खासगी लॅबचे आकडे एफडीएच्या (तिथल्या औषध नियामकाच्या) आकड्यांपेक्षा जास्त येत होते आणि एफडीएने शोधून काढलेलं कारण हेच, डीएमएफ सोबत येत होतं.

मर्यादा किती कमी आहे ते लक्षात घ्या. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम, मेटफॉर्मिनचा दिवसाचा कमाल डोस २५५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३८ पीपीएम. एवढ्याशा आकड्यावर बॅच पास-फेल होते. तेव्हा आधी कॉलमवरच डीएमएफ आणि एनडीएमए वेगळे करा, रिझोल्यूशनवर विसंबू नका. डीएमएफचं एकट्याचं इंजेक्शन मारून त्याचा रिटेन्शन टाइम कुठे आहे ते बघा, हे फार कमी लोक करतात.

आणि एक गंमत सांगतो, कागदावर मांडून बघा. मेथेनॉल आणि अॅसिटोनायट्राइल यांचा एकेक रेणू एकत्र चिकटून त्याला प्रोटॉन लागला की त्याचं सूत्र डीएमएफसारखंच होतं, अगदी तेच, ७४.०६००. म्हणजे तुमच्या मोबाइल फेजमध्ये ही दोन्ही सॉल्व्हंट असतील तर डीएमएफ अजिबात नसतानाही तो नंबर आणि त्याची सावली पार्श्वभूमीला सतत असू शकते, आणि कुठलंही रिझोल्यूशन त्यांना वेगळं करणार नाही. फरक एवढाच की तो सपाट बेसलाइन असतो, पीक नसतो. १०० च्या खालच्या मासला सॉल्व्हंटच्या अशा गुच्छांची गर्दीच असते, म्हणून तिथे शक्यतो एकच ऑरगॅनिक वापरा, आणि एनडीएमएसाठी इलेक्ट्रोस्प्रे सोडून एपीसीआय (भार देण्याची दुसरी पद्धत) लावून बघा, एवढ्या लहान रेणूला ते जास्त मानवतं.

प्रश्न (हैदराबाद): आमच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) सिग्नल टू नॉइज, म्हणजे पीक आणि बेसलाइनच्या खडबडीचा रेशो, १० हवा असं आहे. सेटिंग बदलून, स्मूदिंग वाढवून तो ८ वरून १४ केला. चालेल ना सर?

उत्तर: सेटिंग बदललं ते चालेल, स्मूदिंगचं नाही. स्मूदिंगने नॉइजचा आकडा कमी होतो, वायलमध्ये काहीच बदलत नाही. रेशो दहाच्या खाली येतो तेच इंजेक्शन पाच-सहा वेळा मारा आणि पीकच्या एरियाचं आरएसडी (टक्क्यातला चढउतार) बघा, तो २० टक्क्यांच्या आत नसेल तर १४ च्या आकड्याला काही अर्थ नाही. उलटंही होतं, नवीन मशीनवर एमआरएममध्ये (ठरलेला आयन आणि त्याचा ठरलेला तुकडा एवढीच जोडी, म्हणजे ट्रान्झिशन, मोजायची पद्धत) नॉइज चक्क शून्य येतो, मग सिग्नल टू नॉइज अनंत, ऑडिटर खूश आणि माहिती काहीच नाही. म्हणून मला हा रेशोच फारसा आवडत नाही.

सेटिंगमध्ये काय करता येतं तर सोर्सचं तापमान आणि ड्राइंग गॅस वाढवला की सॉल्व्हंटचे गुच्छ सुटतात, कोन गॅस किंवा कर्टन गॅस थोडा वाढवा, रनचं पहिलं एक मिनिट आणि शेवटची धुलाई डायव्हर्ट व्हॉल्व्हने वेस्टला सोडा. एमआरएममध्ये तरीही बेसलाइन जाड असेल तर ट्रान्झिशन बदला. १८ किंवा १७ कमी होणारी, म्हणजे पाणी किंवा अमोनिया निघून जाणारी ट्रान्झिशन शक्यतो टाळा, दुनियेतले अर्धे रेणू पाणी सोडतात त्यामुळे तिथे गर्दी होणारच. तुमच्याच रेणूच्या सांगाड्यातून तुटणारा तुकडा घ्या, सिग्नल निम्मा झाला तरी नॉइज त्याहून जास्त पडतो आणि फायदा तुमचाच.

फॉर्मिक अॅसिड वापरत असाल आणि पॉझिटिव्हमध्ये ६७.९९ च्या फरकाने रांग दिसत असेल तर ते सोडियम फॉर्मेटचे गुच्छ, कुठूनतरी सोडियम येतंय. आणि ट्रायइथिलअमाइन त्या सिस्टिमवर कधी कुणी वापरलं असेल तर १०२.१३ महिनोन्महिने जात नाही, असल्या सिस्टिमला वेगळं ठेवणंच बरं.

प्रश्न (न्यू जर्सी): नमस्कार, मी इथे पाण्याच्या लॅबमध्ये आहे. पीफासच्या (फ्लोरिनवाल्या न विघटणाऱ्या रसायनांच्या) मेथडसाठी डिले कॉलम लावलाय, तरी ब्लँकमध्ये त्यातलंच एक, पीएफओए, दिसतंच. मग डिले कॉलमचा उपयोग काय?

उत्तर: डिले कॉलम काही अडवत नाही, फक्त उशीर करतो. एलसीच्या पंपात, डिगॅसरमध्ये, नळ्यांमध्ये टेफ्लॉनसारखे फ्लोरिनवाले भाग असतात, त्यातून आणि मोबाइल फेजमधूनही पीएफओए झिरपत राहतं. डिले कॉलम पंपाच्या मिक्सरनंतर आणि इंजेक्टरच्या आधी बसतो, त्यामुळे पंपाकडून आलेलं पीएफओए दोन कॉलममधून जातं आणि तुमच्या सॅम्पलमधलं एकाच. म्हणून एकाच ४१३ वरून ३६९ च्या ट्रेसवर दोन पीक दिसायला हवेत, आधी खरा, मग थोड्या वेळाने सिस्टिमचा, बहुतेक वेळा रुंद आणि बुटका. तुमचा ब्लँकमधला पीक त्या दुसऱ्या जागी असेल तर सगळं ठीक चाललंय, तो इंटिग्रेटच करायचा नाही.

तो पहिल्या जागी असेल तर मात्र डिले कॉलम निर्दोष, घाण इंजेक्टरच्या पुढे किंवा वायलमध्येच आहे. टेफ्लॉन लावलेले सेप्टा काढून पॉलिइथिलीनची झाकणं लावा, नीडल वॉशची बाटली आणि तिची नळी बघा, ऑटोसॅम्पलरमधली टेफ्लॉनची नळी बदलून पीईईके या प्लास्टिकची लावा. तरी राहिलं तर एक्स्ट्रॅक्शनचे कार्ट्रिज आणि मेथेनॉलचा नवा लॉट तपासा. २०२४ मध्ये तुमच्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि त्याच कुटुंबातल्या पीएफओएसची मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरली, तेव्हा ब्लँकमध्ये एक नॅनोग्रॅम जरी असला तरी रिपोर्ट लिहिताना हात थबकतो हे समजू शकतो.

वायल धुऊन परत वापरत असाल तर ते आजच बंद करा.